निलम चिकूचा वास घेते

"पोर दारात आणून देतात तरी उचलत नाही. माया नाही गो तिला," हिना पुटपुटली. ती जमुनाच्या खांद्याला खांदा लावून बसली होती, त्यामुळे ते जमुनाला ऐकू आलं. आणि ऐकू यावं म्हणूनच तर ती पुटपुटली होती.

नरपडच्या चिकूच्या शेडमध्ये जेवणाची सुट्टी चालली होती. निलमची सासू जिजा सात महिन्यांच्या हार्दिकला पाजायला घेऊन आली होती, रोज यायची तशीच. निलमने भिंतीला पाठ टेकवली, मांडी घातली, आणि सासूने पोर तिच्या मांडीत ठेवलं. अगदी जेवणाचं ताट ठेवावं तसं. पिऊन झाल्यावर सासूनेच उचललं. दोन महिने हेच चाललेलं. निलमने उभं राहून पोराला कडेवर घेतलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

बायकांनी निकाल देऊन टाकला होता. जमुनाला तो पटत नव्हता. माया नसलेली बाई पोर यायच्या आधी पाच वेळा रस्त्याकडे बघत नाही. मग उचलत का नाही? जमुनाला एखादा प्रश्न पडला की तो दातात अडकलेल्या काट्यासारखा व्हायचा. जीभ सारखी तिथेच.

ती शेडची मुकादम. बावीस वर्षं चिकू निवडत आलेली. बागेतून क्रेट आले की चिकू धुवायचे, पुसायचे, आणि मग एकेक बोटांत धरून हलकेच दाबायचा. टणक असला तर लांबच्या गावाच्या पेटीत, नरम असला तर इथल्याच बाजारात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, कळतं ते बोटांना. एक नरम चिकू आत राहिला की दिल्लीला पोचेस्तोवर अख्खी पेटी पाझरते.

आणि सध्या पेट्या पाझरत होत्या. आठवड्यात तिकडच्या व्यापाऱ्याचे तीन फोन आले. शेडचा मालक नविनशेठ तसा भला माणूस, ओरडायचा नाही. नुसता चष्मा काढून पुसत बसायचा, आणि ते ओरडण्याहून वाईट. त्याने जमुनाला सांगितलं, कुणाच्या हातून होतंय ते शुक्रवारी गाडी भरायच्या आत शोध, ती बाई निवडीतून उठेल. निवडीतून उठली की क्रेट वाहायला जायचं, आणि क्रेट वाहायला गेलेली बाई महिनाभरात घरी बसते, हे शेडला माहीत होतं.

चहाच्या सुट्टीत बायका बाहेर गेल्यावर जमुनाने सहाही जणींच्या थप्पीतली वरची पेटी उघडली. पाच चोख. निलमच्या पेटीत चार नरम, तेही वरच्याच थरात. जमुना पेटीकडे बघतच राहिली. निलमला तिनेच शिकवलं होतं. बाळंतपणाआधी ही पोरगी डोळे मिटून निवडायची. आणि आता घरात कमावणारी तीच. नवरा सुनिल तलासरीला ज्या कंपनीत होता, तिला दिवाळीपासून कुलूप.

जमुनाने चारही चिकू पदरात टाकले, टणक भरले आणि कुणाला काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी जागा बदलून निलमच्या समोर बसली.

निलम दर चिकू नाकाशी नेत होती. आधी दाबायची, मग जरा थांबायची, मग वास. हिनाने टोमणा मारला, "बाय, चिकू आहे तो, मोगरा नाही." सगळ्या हसल्या. निलमही हसली, पण पुढचाही नाकाशी नेलाच.

मग चहा आला. स्टीलचे ग्लास, उकळता चहा. सगळ्यांनी पदराने धरले. निलमने उघड्या मुठीत धरला आणि निवांत प्यायली. जमुनाने पदर सोडून आपला ग्लास तसाच धरून पाहिला आणि चटकन खाली ठेवला.

काटा सुटला, पण बरं काही वाटलं नाही.

हाताला मुंग्या येणं शेडला नवं नव्हतं. हिना पहाटे उठून हात झटकत बसायची. जमुनाची स्वतःची करंगळी दोन वर्षं परक्याची असल्यासारखी होती. पण सगळ्या एकच म्हणायच्या: चीक लागलाय. खोबरेल चोळलं की जातो. जात नव्हता, हे कुणीच म्हणत नव्हतं, कारण जिची बोटं गेली तिची जागा गेली. निलमच्या हातांना तर विसावा असा नव्हताच. पहाटे चारला पाण्यासाठी बोरिंगचा दांडा हापसायचा, मग भाकऱ्या, मग धुणं, मग आठ तास चिकू, आणि घरी गेल्यावर परत तोच दांडा.

शुक्रवारी शेठ आला. चष्मा काढला. पुसत पुसतच विचारलं, कुणाच्या पेट्या?

जमुनाने उत्तर घोटून ठेवलं होतं. उन्हाने चीक जास्त लागतो, ती म्हणाली, बोटं चिकटतात, सगळ्यांचंच होतं तसं. पाचही माना हलल्या. हिनाची सगळ्यात जोरात. शेठला अर्धं पटलं. चष्मा पुन्हा नाकावर चढू लागला.

तेवढ्यात जिजा दारात आली. आज चालून दमली होती बहुतेक. पोराने आईला बघून दोन्ही हात पुढे टाकले, तशी तिनेही त्याला पुढे धरलं आणि म्हणाली, "घे गो जरा, माझी कंबर गेली."

निलम अर्धी उठली आणि परत बसली. हिनाने जीभ टाळूला लावून च्यक् केलं. जमुना पटकन उठून पोराला घ्यायला निघाली, पण निलमने आपले दोन्ही हात समोर धरले होते आणि ती त्यांच्याकडेच बघत होती.

"चीक नाही शेठ," ती म्हणाली. "पेट्या माझ्या आहेत. माझ्या बोटांना काही कळत नाही. चिकू कळत नाही, चहा कळत नाही. ह्याला उचललं, तर हा हातात आहे की सुटला, ते मला बघितल्यावर समजतं."