चंदेरी रंगाखालचा गंज

ही गोष्ट १९७४ सालची. मी एक जुना लोखंडी पूल आहे, पण तेव्हा मी ऐन उमेदीत होतो. नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे माझ्या सात कमानी उभ्या आहेत. किनाऱ्याचा रस्ता डोंगर उतरून माझ्यावरून पुढे जाई. वळणावर गाड्या थांबत आणि माणसं उतरून माझे फोटो काढत. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या कौतुकाने मी फुगून जात असे.

पण माझा खरा जिवलग एकच, माझा रंगारी मुकादम. एका टोकाला सुरुवात करून तो दोन वर्षांनी दुसऱ्या टोकाला पोचे, तोवर खाऱ्या वाऱ्याने पहिलं टोक पुन्हा गंजलेलं असे. आधी हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, मग तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, मग लाल अस्तर आणि शेवटी चंदेरी रंग, ही त्याची रीत.

दुपारी त्याची लेक डबा घेऊन येई.

"बाबा, आईपेक्षा या पुलाची जास्त काळजी घेता तुम्ही!"

"अगं, तुझी आई कुठे गंजते? ती मला गंजवते!"

त्या वर्षी रस्त्याच्या वर्धापनदिनाचा मोठा समारंभ माझ्यावर ठरला आणि बांधकाम खात्याचे साहेब आले.

"मुकादम, आठ दिवसांत पूल चकचकीत दिसला पाहिजे."

"साहेब, नदीकडचा कठडा गंजाने आतून खाल्लाय. खरवडायलाच महिना जाईल."

"फोटोत आतलं दिसतं का? रंग मारून मोकळे व्हा."

मुकादमाने रंगाचे डबे उघडले. समारंभ झाला की करू, असं त्याने मनाला समजावलं. त्या आठवड्यात त्याने हातोडी पिशवीतून काढलीच नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पुलाची कुरकुर कोण ऐकतो?

समारंभाला गर्दी लोटली. लेक कठड्याला टेकून म्हणाली, "बाबा, पूल काय देखणा दिसतोय हो!" आणि चंदेरी कठडा कडकन मोडला. ती खाली माझ्या खांबाच्या दगडी पायावर आदळली. होडीवाल्यांनी तिला उचललं, म्हणून जीव वाचला.

पुढे साहेबांची बदली झाली. मोठ्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. लेक पायाने कायमची अधू झाली. ती नदीपलीकडच्या शाळेत शिक्षिका झाली, पण जन्मभर होडीनेच गेली-आली. तिने वडिलांना एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि मुकादमाला तेच जास्त लागलं. तो कठडा त्याने स्वतः नवा बसवला आणि नोकरी सोडली. नऊ वर्षांनी तो गेला.

आता शेजारी सिमेंटचा पूल आहे. माझ्यावर गवत उगवतं. तरी दरवर्षी कोणीतरी येऊन माझी रस्त्याकडची बाजू तेवढी रंगवून जातं, कारण फोटो छान येतात.

मित्रांनो, तुम्हीही फोटो जरूर काढा. फक्त माझ्या कठड्याला टेकू नका.