सुट्ट्यात आलेलं नाणं

दर्शनी बाजू

नवं नाणं काढायचं ठरलं की सरकार राजपत्रात त्याचं वर्णन छापतं. व्यास, धातू, कडेचे दाते. मग दर्शनी बाजू, मग मागील. तनयाच्या बाबांनी, गोपाळकृष्णांनी, तीस वर्षं ही वर्णनं वहीत चिकटवली. शेवटचं होतं एका धरणाच्या शताब्दीचं, दहा रुपयांचं. त्यानंतर आई गेली. तीन महिने झाले. तेव्हापासून बाबा ‘हं’ म्हणतात. कधी ‘नको’.

बाबांचा स्वतःचा एक नियम होता, कुठल्याही राजपत्रात नसलेला. नाणं विकत घ्यायचं नाही. ते सुट्ट्यात, आपल्या पायांनी यायला हवं. चलनातली नाणी चढ्या भावाने विकणाऱ्यांना ते ‘पोपटवाले’ म्हणायचे. उडणारं धरायचं आणि पिंजऱ्यासकट विकायचं.

बँका मेसेज पाठवतात, फलक लावतात: दहाचं प्रत्येक नाणं वैध आहे, निःशंकपणे स्वीकारा. पण शनिवार पेठेत सुट्टे उरलेत कुठे? जो तो मोबाइल पुढे करतो. या वेगाने धरण बाबांपर्यंत पोचायला पुढची शताब्दी उजाडली असती.

तनयाने ते नाणं एका पोपटवाल्याकडून दीडशेला विकत घेतलं. अपराधी वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. सध्या कशाचंच काही वाटत नव्हतं. ते हातात पडल्यावर बाबांनी एक पूर्ण वाक्य बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

वजन

नाणं फार चकचकीत होतं. तिने ते दोन दिवस किल्ल्यांसोबत पर्समध्ये ठेवलं. चार हातांतून फिरून आल्यासारखं दिसलं पाहिजे. लहानपणी बाबांनी शिकवलं होतं, नाण्याला फक्त कडेने धरायचं. आता ती त्यावर मुद्दाम चरे पाडत होती.

मागील बाजू

“म्हणजे दीडशेचा माल मी दहाला द्यायचा,” तात्याराव वाण्याने नाणं तराजूशेजारी ठेवलं. “याला तुमच्या आयटीत काय म्हणतात?”

“काही म्हणत नाहीत, काका. सुट्ट्यात द्या फक्त.”

“दहाचं नाणं मी वर्षभरात कोणाकडून घेतलेलं नाही. गोपाळराव विचारतील, आजच कुठून उगवलं?”

“विचारू देत ना.”

तात्यारावांनी तिच्याकडे पाहिलं. “बरं,” ते म्हणाले.

कड

घरी तिने साखरेचा डबा दुसऱ्या भांड्यात रिकामा केला. “बाबा, साखर संपलीय. मला मीटिंग आहे.”

“हं.”

ते खाली उतरले. ती मागोमाग गेली आणि समोरच्या औषधांच्या दुकानापाशी उभी राहिली. बाबांनी किलोभर साखर घेतली, शंभराची नोट दिली. तात्यारावांनी दोन नोटा आणि नाणं पुढे केलं.

बाबांनी नाणं कडेने धरलं.

उजेडाकडे वळवलं. सालाखालचं टांकसाळीचं चिन्ह पाहिलं. तनयाला वाटलं, आता. तिने मोजायला सुरुवात केली, कशासाठी ते तिलाही कळलं नाही. सातपर्यंत आली असेल.

बाबा दुकानाच्या पायरीशी बसलेल्या भाजीवाल्या सत्यशीलाबाईंकडे वळले. “एक जुडी द्या,” म्हणाले आणि नाणं त्यांच्या हातावर ठेवलं.

तात्यारावांना राहवलं नाही. “अहो गोपाळराव, नवीन होतं ते. नीट पाहिलंत का?”

“पाहिलं. धरणाचं आहे, मुंबई टांकसाळ.” पिशवी दुसऱ्या हातात घेत ते म्हणाले, “सरकारने चालवायला काढलंय, चालू दे की.”

पूर्ण वाक्य होतं ते. तनयाने रस्त्यापलीकडून ऐकलं. तिला आनंद व्हायला हवा होता.

बाबा गेल्यावर ती सत्यशीलाबाईंसमोर जाऊन उभी राहिली. बाईंनी नाणं आपणच पुढे केलं. “तुला हवंय का गं? मी घेत नाही ही. पण त्यांना नाही कसं म्हणायचं? तीन महिन्यांत पहिल्यांदा खाली आले.”

तनयाने पर्स उघडली. परत बंद केली.

“राहू दे तुमच्याकडे,” ती म्हणाली. “कोणाला तरी सुट्ट्यात द्या.”

घरी बाबा वर्तमानपत्र पसरून कोथिंबीर निवडत होते. ती चप्पल काढून समोर बसली आणि तिनेही चार काड्या ओढून घेतल्या.

“कोवळी आहे,” बाबा म्हणाले.

“हं,” ती म्हणाली.