ट्वायलाच्या पिकअपची शिट्टी

क्लिपचा स्क्रू शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला नेहमी थोडा अडतो, तसा तो आत्ताही अडला आणि वेंडेलच्या अंगठ्यावर त्याची धार उमटली... रक्त नाही, नुसती पांढरी रेघ. बोटभर रुंदीची पोलादी पट्टी, तिच्याखाली काळा रबरी जोड, जोडाच्या एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला मनगटाहून जाड अशी चकचकीत नळी, आणि नळीच्या तोंडाशी लाल फिल्टर. कंपनीने दिलेली काळी पेटी काढून टाकायची आणि हे बसवायचं, म्हणजे इंजिनाला बाहेरची गार हवा मिळते आणि गार हवेने गाडीचा जोर वाढतो. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, पंधरा हॉर्सपॉवर. खोक्यावर काय, काहीही लिहितात. लोक वाचतात आणि शनिवारी सकाळी पिकअप घेऊन क्लेच्या गॅरेजसमोर उभे राहतात.

क्लिप थंड असताना एकदा आवळायची, मग इंजिन चालू करून ते चांगलं तापू द्यायचं, रबर जरा ढिलं पडलं की पुन्हा आवळायची, आणि मग वाकून कान द्यायचा — हा वेंडेलचा शिरस्ता. इतक्या वर्षांत त्याने तो एकदाही चुकवला नव्हता. आताही तो बॉनेटखाली वाकला, डोळे मिटले. खाली इंजिनाची जाडजूड गुरगुर, बाहेर पत्र्याला धडका देणारा वायोमिंगचा वारा, आणि त्यापलीकडे काही नाही. सगळं कसं शांत. आपलं काम चोख झालं की असंच होतं, त्याला वाटलं, आणि त्याने फडक्याला हात पुसले.

शांत तर घरही होतं. सकाळी किटलीवरून वाफेचा लोट उठत होता आणि तो शेजारीच उभा राहून खिडकीतून कुंपणाला अडकलेली एक प्लॅस्टिकची पिशवी पाहत होता... तेवढ्यात नोरीन न्हाणीघरातून जवळजवळ धावतच आली, तोंडात ब्रश, ओठांवर फेस, तिने गॅस बंद केला आणि त्याच्याकडे बघत राहिली. चांगला बराच वेळ. काय, असं त्याने हनुवटीनेच विचारलं. तिने मान हलवली आणि परत गेली. किटलीच्या शिट्टीचं झाकण बिघडलंय, नवी आणायला हवी, असं काहीतरी त्याच्या मनात आलं होतं. पण त्याहून जास्त आलं होतं ते हे, की बघ, आता बोलायचीही हिची तयारी नाही.

अबोला म्हणावा तर तसा अबोला नव्हता. नोरीन बोलायची — मटण कधी काढून ठेवू, बोईसीहून मुलीचा फोन होता, कचऱ्याचा डबा वाऱ्याने लोळतोय — पण ते सगळं कामापुरतं, समोर येऊन, तोंडाकडे बघून, एखाद्या परक्या माणसाला रस्ता सांगावा तसं. जे बंद झालं होतं ते वेगळंच होतं. नोरीन शिट्टी वाजवायची. तिच्या बापाने मेंढ्यांमागे फिरताना शिकवलेली, दातांतून हळूच निघणारी. भांडी घासताना, कपडे वाळत टाकताना, आपण वाजवतोय हे तिचं तिलाही कळत नसे. एकाच गाण्याची पहिली ओळ, मग पुन्हा पहिलीच ओळ. लग्न झाल्यापासून तो ती ऐकत आला होता, म्हणजे खरं तर ऐकतही नव्हता, ती होती एवढंच. आणि नोव्हेंबरात मुलीकडे सणाला जायचं तर याने गॅरेजच्या कामाचं निमित्त काढलं, नोरीन एकटी गेली, एकटी आली, आणि त्यानंतर कधीतरी त्याच्या ध्यानात आलं की स्वयंपाकघरातून काही येत नाही. ठीक आहे, त्याने मनाशी म्हटलं होतं. तुला शिक्षा द्यायची आहे ना मला? दे. मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. आणि मग त्यानेही संध्याकाळचं तिच्याजवळ जाऊन बसणं सोडलं. सगळा हिवाळा तसाच गेला, दोन खोल्यांत दोन दिवे.

"वेंडेल! अरे झोपलास का तिथे?" क्लेचा आवाज. धाकटा भाऊ, गॅरेजचा मालक, आवाज पिंपातून आल्यासारखा. "लोकांना भुका लागल्यात. बर्गर कुणाच्या माथी मारायचे ते ठरू दे."

शनिवारची रीतच होती. गाडीची मागची चाकं जमिनीत बसवलेल्या रुळांवर चढवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची आणि जागच्या जागी भरधाव पळवायची. किती जोर लागला तो आकडा भिंतीवरच्या पडद्यावर उमटतो. जुन्या पेटीसह एकदा आणि नवी नळी बसवून एकदा. मधल्या वेळात जमलेले सगळे खडूने फळ्यावर आपापला अंदाज लिहितात, आणि ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकेल तो सगळ्यांना खाऊ घालतो. पिकअपच्या मालकिणीने, ट्वायलाने, स्वतःच्या नावापुढे बारा लिहिले होते. क्लेने दोन.

"दोन?" ट्वायला म्हणाली. "माल तुम्हीच विकायचा आणि तुम्हीच दोन लिहायचे?"

"अगं, मागे चार खरे घोडे बांधून नेतेस तू. पुढे बारा खोटे कशाला हवेत?"

"घाटावर या एकदा माझ्याबरोबर, मग बोला. निम्म्यात गाडीला धाप लागते. मागून ट्रकवाले भोंगे वाजवतात आणि मागे जोडलेल्या गाड्यातल्या घोड्या बिथरतात." ती वेंडेलकडे वळली. "सोमवारी चार घोड्या न्यायच्यात, दुसऱ्यांच्या. यांचं सोडा हो वेंडेल, तुम्ही सांगा. नीट बसलंय ना सगळं? तुमचा कान आहे म्हणून मी इथे येते, नाहीतर यांची तोंडं कोण बघतंय."

"बसलंय," वेंडेल म्हणाला. त्याला बरं वाटलं. हिवाळ्यात त्याला बरं वाटेल असं फारसं कुणी बोललंच नव्हतं.

तो गाडीत चढला. बॉनेट उघडं, समोर मोठा पंखा. पाय हळूहळू दाबत नेला, रूळ घुमू लागले, बुडाखालून कंप वर आला, मणक्यातून मानेपर्यंत... हे त्याला आवडायचं, यात विचार करावा लागत नसे. मग काटा उतरला, रूळ मंदावले आणि त्याने काचेतून पडद्याकडे पाहिलं. तीन. फक्त तीन वाढले होते.

क्ले हसत फळ्याकडे गेला. पण ट्वायला पडद्याकडे बघतच नव्हती. ती बॉनेटजवळ येऊन उभी राहिली होती, कपाळाला आठ्या घालून.

"ही शिट्टी कसली?"

"कसली शिट्टी?"

"ही काय. आत्तासुद्धा वाजतेय."

वेंडेल उतरला. इंजिन चालूच होतं. त्याने कान दिला. गुरगुर, पंखा, वारा. "उघड्या फिल्टरचा आवाज तसाच असतो," तो म्हणाला. "हवा ओढतो ना तो. सवय होईल."

"अरे कसली सवय," क्ले म्हणाला, "कुकर लावल्यासारखी वाजतेय ती. गावातली सगळी कुत्री गोळा होतील."

लोक हसले. वेंडेलही हसला, कारण ही क्लेची जुनी खोड — सगळ्यांदेखत थोरल्या भावाची टोपी उडवायची — आणि ट्वायलालाही त्याने यात सामील करून घेतलं असणार. असणारच. हसता हसता त्याची नजर खाली गेली. गॅरेजचं म्हातारं कुत्रं, जे दिवसभर टायरांच्या ढिगाजवळून हलत नसे, ते उठून बसलं होतं. दोन्ही कान ताठ. मान एका बाजूला कलती. आणि ते थेट नळीकडे बघत होतं, अंगठ्याला लागलेल्या त्याच क्लिपकडे.

कुत्र्याला क्लेने सामील करून घेतलं नव्हतं.

वेंडेल बॉनेटखाली वाकला. त्याने पुन्हा कान दिला, आता खरोखर, जीव ओतून, श्वास रोखून... आणि काही नाही. तिथे काहीतरी होतं, सगळ्यांना होतं, आणि त्याच्यापाशी तेवढी जागा गुळगुळीत, भिंतीसारखी. इंजिन ऐकू येतं मला. क्ले ऐकू येतो. वारा तर चोवीस तास ऐकू येतो. मग बहिरा कसा असेन मी? बहिरा माणूस म्हणजे काय, कुणी हाक मारली तर... आणि ट्वायला त्याच्या तोंडाकडे बघत होती.

त्याने हात आत घातला. तळवा जोडाभोवती फिरवला, गरम, गरम, आणि मग खालच्या अंगाला, जिथे डोळा पोचत नाही तिथे, करंगळीच्या कडेला गार ओढ लागली. सुईच्या टोकाएवढी. क्लिप आवळताना रबर तिरपं बसलं होतं. तिथून हवा आत जात होती, फिल्टरला वळसा घालून, आणि हवेबरोबर इथल्या कच्च्या रस्त्यांची धूळ गेली असती, पीठ चाळल्यासारखी बारीक. घाटापर्यंत काही झालं नसतं. एक-दोन महिन्यांत इंजिन आतून खरवडून निघालं असतं आणि एखाद्या चढावर, मागे चार जिवंत जनावरं असताना... एरवी हे त्याने गॅरेजच्या दारातून ऐकलं असतं.

इंजिन बंद केलं, क्लिप सैल केली, रबर सरळ बसवलं, पुन्हा आवळली. त्याने इंजिन चालू करायला लावलं, ते तापू दिलं आणि तो वाकला, शिरस्त्याप्रमाणे, डोळे मिटून, आणि आता तो काय करत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक. मग डोळे उघडून त्याने ट्वायलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावरची आठी नव्हती. कुत्र्याने पुढच्या पायांवर डोकं टेकलं होतं.

"गेली ना?" तिने विचारलं.

"गेली," तो म्हणाला.

दुसऱ्या खेपेला आठ आले. टाळ्या पडल्या, बर्गर क्लेच्या गळ्यात पडले, तो आरडाओरडा करू लागला. ट्वायलाने वेंडेलचा हात दाबला. "बघा, तीन पाहूनच तुम्हाला संशय आला असणार. मी उगाच मध्ये बोलले." त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिला कळलं नसावं. ती पिकअप घेऊन निघाली तेव्हा तिने काच खाली करून काहीतरी ओरडून सांगितलं. काय ते वाऱ्यात गेलं. की वाऱ्यात नव्हतं गेलं? आता कशाचाच भरवसा नव्हता.

"तुला खरंच ऐकू आली नाही?" फळा पुसताना क्लेने विचारलं. पाठ वळवूनच विचारलं.

"आली. खात्री करत होतो."

क्ले बराच वेळ फळा पुसत राहिला. पुसायला त्यावर काही उरलं नव्हतं.

दुपार कलल्यावर तो घरी निघाला. रस्त्याच्या कडेच्या खांबावर एक पिवळ्या छातीचा पक्षी बसला होता, मार्च संपत आला की येतात ते. वेंडेलने गाडी थांबवली, काच खाली केली. पक्ष्याने मान वर केली, चोच उघडली, गळा फुगला, थरथरला, चोच मिटली. पुन्हा उघडली. वेंडेल पाहत राहिला. एवढं तोंड उघडून पक्षी गप्प का बसेल?

आणि मग सगळं उलटं फिरू लागलं, त्याला नको असताना. किटलीचं झाकण बिघडलं नव्हतं. ती वाजत होती, न्हाणीघरापर्यंत ऐकू जाईल इतकी वाजत होती, आणि तो तिच्याजवळ उभा राहून प्लॅस्टिकची पिशवी पाहत होता. नोरीन समोर येऊन बोलते, तोंडाकडे बघून... परकेपणाने नाही. तिला कळलंय. कधीपासून कळलंय? आणि मी काय करत होतो? मी माझ्या खोलीत बसून तिच्यावर रागावत होतो, रोज संध्याकाळी, नेमाने, एखादं व्रत घेतल्यासारखा. जर ती हिवाळाभर वाजवतच होती, तर... आणि जर नव्हती वाजवत, खरोखरच बंद केलं असेल तिने, कारण हा माणूस आता शेजारी येऊन बसत नाही, हं म्हणतो आणि निघून जातो — तर मग? यातलं कुठलं अधिक वाईट हे त्याला ठरवता येईना.

अंगणात गाडी उभी करून त्याने इंजिन बंद केलं. स्वयंपाकघरात दिवा होता. खिडकीत नोरीन, मान खाली, हात पाण्यात. हिवाळाभर हीच खिडकी पाहिली की त्याच्या छातीत राग भरून यायचा, आणि आत्ता तो यायची वाट पाहिली तरी येत नव्हता. त्याच्या जागी दुसरं काही आलंही नव्हतं, पोकळी होती, आणि भीती.

तिने ताट वर उचलून दिव्याकडे धरलं. तिचे ओठ गोल झाले होते. शिट्टीसाठी होतात तसे, किंवा हातावर कढत पाणी पडल्यावर माणूस फुंकर घालतं तसे. त्याने काच खाली केली. वारा आत आला. तिने ताट ठेवलं, दुसरं उचललं, ओठ तसेच गोल. आत जाऊन विचारायचं, एवढंच होतं. नोरीन, तू वाजवतेस का गं अजून? पण ती हो म्हणाली असती तर त्याला तिच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागला असता, आणि यापुढे सगळंच तिच्या शब्दावर.

तिने खिडकीतून गाडीकडे पाहिलं. ओठ थांबले नाहीत. वेंडेलने बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरला, त्या गाण्याच्या पहिल्या ओळीचा, तिच्या तोंडाकडे बघत, कुठे जुळतो का ते पाहत.