हिरवा रस

पोळ्यासाठी प्रयागबाई शेलूबाजारहून रिठदला माहेरी आल्या आणि भावाला पाहून चरकल्या. उकंडराव म्हणजे चांगला भरल्या अंगाचा माणूस. दोन महिन्यांत त्याचे गाल आत गेले होते. ताटात कोरडी भाकर आणि बिनतुपाचं वरण होतं.

पहिली बायको वारल्यावर उकंडरावांनी सोजरबाईशी पाट लावला होता. ती वीस वर्षांनी लहान. मूलबाळ नव्हतं, आणि साठ एकर काळी जमीन होती. प्रयागबाईंच्या मनात नको ते यायला एवढं पुरे झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाई नाल्याकडे गेली, तशा त्या मागोमाग निघाल्या. सोजरबाईनं बांधावरची काही रोपटी मुळासकट उपटली आणि इकडेतिकडे बघून पदराखाली घेतली. घरी येऊन ती वाटली, फडक्यातून पिळली आणि तो हिरवा रस नवऱ्याला दिला. उकंडरावांनी तोंड वाकडं करत तो घेतला.

"काय देऊन राह्यली तू त्याले?" प्रयागबाईंनी विचारलं.

"पाला हाय, बाई. पोटासाठी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

सोजरबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला. ती रिकामी वाटी उचलून आत गेली.

त्या दिवसापासून चूल प्रयागबाईंनी हाती घेतली. रस उकिरड्यावर ओतला. सकाळ-संध्याकाळ पुरणपोळी, वर तुपाची धार. उकंडराव मुकाट्यानं जेवत होते आणि सोजरबाई दाराशी उभी राहून बघत होती. तिचं ते बघणंही प्रयागबाईंना खुपत होतं.

नवव्या दिवशी उकंडरावांच्या उजव्या बरगडीखाली कळ आली. उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसू लागले. हिनं चोरून काही चारलंच, अशी प्रयागबाईंची खात्री पटली. पाल्याची एक जुडी पुरावा म्हणून फडक्यात बांधून त्यांनी भावाला गाडीत घातलं आणि रिसोडला रहमतुल्ला हकिमांकडे नेलं. सोजरबाई न सांगता गाडीत चढली.

हकिमांनी जुडी सोडून पाहिली. "भुईआवळी हाय, अन् ही घेटुळी. म्याच सांगतली होती हिले."

प्रयागबाईंनी वळून सोजरबाईकडे पाहिलं.

"जिगरवर, म्हंजे यकृतावर, चरबी चढली याच्या," हकीम म्हणाले. "तूप, गोड बंद करा, रोज शेतापर्यंत पायी जा, असं बजावलं होतं. रस नुसता मदतीले हाय. कितीक मदत करते, ते मले बी पक्कं सांगता येत नाही. पन तुपावर रस पिऊन कोनी बरा झालेला म्या पाह्यला नाही. आठ दिवसांत काय खाल्लं यानं?"



"तू मले सांगतलं काहून नाई?" प्रयागबाईंनी सोजरबाईला विचारलं.

"यायनं शपथ घातली होती. एवढ्या मोठ्या घरात तूप बंद, लोकं हसतीन म्हने."

प्रयागबाई भावाकडे वळल्या. "अन् तू? मी हिच्यावर इख घातल्याचा वहीम घेऊन राह्यली, तुले दिसत होतं ना?"

"दिसत होतं," उकंडराव हळूच म्हणाले. "पोळी गोड लागून राह्यली होती, बाई."

परतीच्या वाटेवर प्रयागबाई सोजरबाईजवळ सरकून बसल्या. "चुकलं माझं," म्हणाल्या. सोजरबाईनं मान हलवली, पण तोंड गाडीबाहेरच ठेवलं.

दिवाळीपर्यंत उकंडराव पायी शेतात जाऊ लागले. सोजरबाई त्यांना वेळेवर भाकर वाढायची, पण त्यांच्याशी बोलायला लागली ती पार संक्रांतीला.