पाणी म्हणून हिणवलेली कुपी

प्रयोगशाळेतल्या फ्रीजरच्या तिसऱ्या खणात अठ्ठेचाळीस कुप्या होत्या. सत्तेचाळीस साहेबांच्या, एक त्यांच्या हाताखालच्या संशोधक ताईची. ती एक म्हणजे मी.

मित्रांनो, मी एक जुनी काचेची कुपी आहे, अंगठ्याएवढी. माझ्या पोटात ताईने दोन वर्षे खपून बनवलेले संयुग आहे. पेशीने चरबी साठवायची की जाळायची, हे एक प्रथिन ठरवते. माझे संयुग त्याला चिकटले की पेशी चरबी जाळू लागते. मात्र थंडीत ते द्रवातून सुटून तळाशी बसते. म्हणून ताई मला आधी कोमट पाण्यात धरायची, हलवायची, उजेडात पाहायची आणि मगच थेंब घ्यायची.

प्रयोगशाळेच्या साहेबांना एवढा धीर कुठला! त्यांनी मला फ्रीजरमधून काढले, जेमतेम वितळलेला वरवरचा द्रव ओढला आणि पेशींवर सोडला. चरबी जशीच्या तशी.

"अगं, हे औषध आहे की नळाचं पाणी?" ते सगळ्यांसमोर म्हणाले.

"सर, कुपी हलवली होती का?"

"आता तू मला कुपी धरायला शिकवणार?"

सगळे हसले. ताईची रवानगी कागदपत्रांच्या खोलीत झाली. बाहेरचे परीक्षक येणार होते; त्यांना साहेबांचे संयुग सरस वाटले की तिची नोकरी गेलीच. मी तळाशी राग धरून बसले. एकच इच्छा होती: यांचे नाक यांच्याच हातांनी कापले जावे.

संधी साहेबांनीच दिली. आपले संयुग उठून दिसावे म्हणून शेजारी एक निकामी हवे होते. "ती पाण्याची कुपी घ्या," ते परीक्षकांदेखत म्हणाले.

या वेळी हात होते तीस वर्षे तिथेच काम केलेल्या काकांचे. त्यांनी मला कोमट पाण्यात ठेवले.

"काका, पाण्याला कसली आंघोळ घालताय?"

"साहेब, माझ्याकडे सगळ्या कुप्या सारख्याच. तुमच्या कुपीलाही घातलीय."

ऊब तळापर्यंत पोहोचली. काकांनी मला हलवले आणि कण न् कण विरघळला. क्षमा करावी असे मला एकदाही वाटले नाही. मित्रांनो, कुणाला टाकाऊ म्हणण्यापूर्वी तळ तेवढा पाहत जा. सगळ्याच कुप्यांना दुसरी संधी मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी परीक्षकांनी स्वतः मोजणी केली आणि आकडे मोठ्याने वाचले. काहीच न घातलेल्या पेशींतली चरबी शंभर धरली, तर साहेबांच्या संयुगानंतर उरली ब्याण्णव. ताईच्या संयुगानंतर, सव्वीस.