डीनची बोट

डीनने सेकंडहँड बोट घेतल्यापासून ती समुद्रात कमी आणि मेकॅनिककडेच जास्त असायची. मार्चमध्ये मासळी चांगली लागते म्हणून दर शनिवारी तो थाटात निघायचा आणि उन्हाने भाजून, रिकाम्या हातांनी अल मजाजमधल्या घरी परतायचा. शेवटी टेसाने नवऱ्याला बजावलं, "या शनिवारी मासा घरी आला तर बोट राहील. नाहीतर खलास, विकून टाक."

त्या शनिवारी दुपारी डीन लढाई जिंकल्यासारखा आत शिरला. "घे, सुरमई! काय झुंजली माहितीये!"

टेसाने कडेवरचं बाळ सांभाळत पिशवी उघडली. आत कालवणाच्या बेताने कापलेल्या, स्वच्छ धुतलेल्या तुकड्या होत्या. बाजारात मासा घेतला की तिथेच कापून घ्यायचा, ही सवय डीनला ऐनवेळी नडली होती.

"पापा, व्हेअर इज द हेड?" थोरल्या एलायनाने विचारलं.

"बिचारी झुंजता झुंजता आपणहून कापली गेली गं," टेसा म्हणाली.

डीन ओशाळला. "इंजिनच सुरू झालं नाही. जेट्टीला बांधलेल्या बोटीत नुसता बसून होतो. पण टेस, तिथे इतकं शांत असतं! कोणी हाकच मारत नाही."

टेसाने पिशवी ओट्यावर ठेवली. बाळ झाल्यापासून तिला बाथरूममध्येसुद्धा कुणीतरी हाक मारतच असे.

"बोट विकायची नाही," असं म्हणत तिने बाळ अलगद त्याच्या हातात दिलं. "पुढच्या शनिवारी डायपर तू बदल. मासेमारीला मी जाते."

"तुला गळ टाकता येतो?"

"तुला येतो?"