जुलैचा तिसरा आठवडा

मोहाडीच्या जागेश्वर गुरुजींनी चौतीस वर्षं मुलांना एकच गोष्ट बजावली, की सही करण्याआधी कागद वाचावा. आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच जानेवारीत नागपूरच्या एका हॉटेलात ते स्वतः न वाचता सही करून बसले. लकी ड्रॉ लागला म्हणून फुकट जेवायला बोलावलं होतं. जेवण झकास होतं, एवढं मान्य करायला हवं. पनीर वाढता वाढता टाय लावलेल्या एका मुलीने त्यांच्या गळ्यात चिखलदऱ्याच्या रिसॉर्टमधला टाइमशेअर घातला. पंचवीस वर्षं, दरवर्षी एक ठरलेला आठवडा, खोली तुमची. मे महिना महाग, जुलै निम्म्या किमतीत. गुरुजींनी जुलै घेतला. शेजारी बसलेल्या सत्यभामाबाईंनी कोपराने ढोसलं, तर यांना वाटलं बाई खूश झाली.

जुलैचा तिसरा आठवडा म्हणजे भर रोवणी, धानाच्या लावणीचे दिवस. चार एकर धान, शेताच्या बांधीत गुडघाभर चिखल, रोवायला बाया मिळवता मिळवता नाकी नऊ आलेले. अशा वेळी भंडारा जिल्ह्यातला कोण शहाणा डोंगरावर धुकं पाहायला जाईल? सहा वर्षांत गुरुजी एकदाही गेले नाहीत. आठवडा बदलून मिळत नव्हता. देखभालीचं शुल्क मात्र न चुकता येत होतं आणि दरवर्षी वाढत होतं. सत्यभामाबाई त्यावर एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच गुरुजींना जास्त लागायचं. ती बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

विकायला काढलं तर कोणी फिरकेना. शेवटी फेब्रुवारीत एका सकाळी मंडप-डेकोरेशनवाला कमलेश बायकोला, राखीला, घेऊन दारात उभा राहिला. गुरुजींचा जुना विद्यार्थी.

"गुरुजी, तुमचं ते चिखलदऱ्याचं विकाचं हाये म्हणे. आमी घेतो."

गुरुजींच्या जिवात जीव आला. किंमत दिली त्याच्या निम्मीसुद्धा येत नव्हती, पण सुटका तर होत होती. मनात त्यांनी एक ठरवून टाकलं. विचारलं तरच सांगायचं. शुल्काचं आणि आठवड्याचं आपण होऊन काढायचंच नाही. मास्तर माणूस, पण सहा वर्षांच्या जाचाने तोही इतका खाली आला होता.

कमलेशने करारनामा उलटसुलट पाहिला आणि परत गुरुजींच्याच हातात ठेवला.

"तुमीच वाचून सांगा जी. मले वाचाले शिकवलं कोणं? तुमीच ना. तुमी वाचलं म्हंजे झालं."

गुरुजींनी चष्मा लावला. पहिली दोन कलमं त्यांनी खड्या आवाजात वाचली. पुढचं पान अडचणीचं होतं. दोन पानं एकदम उलटली असती तर कोणाला कळलं असतं? समोरचा माणूस तर मान खाली घालून, वर्गात बसल्यासारखा ऐकत होता. तिसरीत याचं बोट धरून ते एकेक ओळ त्याच्याकडून वाचून घेत असत. तेच बोट आठवलं आणि गुरुजींना स्वतःची लाज वाटली. त्यांनी पान उलटलं, एकच, आणि सगळं वाचलं. शुल्क, त्याची वाढ, न बदलणारा आठवडा, उरलेली एकोणीस वर्षं. मग कागद खाली ठेवला.

"बाबू, मी एकदाही गेलो नाई तिथं. नको असन त उठून जा. मले राग नाई."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. आधी राखीला हसू फुटलं. ती दारात येऊन उभ्या राहिलेल्या सत्यभामाबाईंकडे वळली.

"काकू वो, आमाले जुलैच पाह्यजे! उन्हाळाभर लग्नाच्या मागं यायले जेवाले टाईम नाई, अन् पावसाळ्यात मंडप गुंडाळून घरी माशा मारत बसते. बारा वर्षं झाले लग्नाले, कुठीच नेलं नाई मले."

"अन् शुल्काचं एकदोन मंडपात निघते," कमलेश म्हणाला आणि सहीला पेन मागितलं.

जुलैत गुरुजी बांधीत उभे असताना मोबाइल वाजला. व्हिडिओ कॉल होता, राखीचा. मागे धुकं, झाडं, ओल्या छपराचा व्हरांडा.

"गुरुजी, पाहा यायले! सकाळपासून हॉटेलच्या पोट्ट्यायसंगं खुर्च्या उचलून राहिले होते. मॅनेजरनं हात धरून बसवलं. लोकायच्या पंगती मांडता मांडता उमर गेली. आज कोणी यायले वाढून राहिलं, त यायच्या डोऱ्यात पाणी."

कमलेशने फोन घेतला. "लय उपकार झाले जी तुमचे."

"उपकार तुझे, बाबू," गुरुजी म्हणाले. सत्यभामाबाई बाजूलाच धानाचं रोप लावत होत्या, तरी ते थांबले नाहीत. "खरं सांगतो. तू तो कागद माह्या हातात देला नसता, त मी तुले फसवलं असतं."



"पण वाचलं ना जी तुमी," कमलेश म्हणाला.

 सत्यभामाबाईंनी चिखलाचे हात पदराला पुसले, गुरुजींच्या हातून फोन घेतला आणि कमलेशला म्हणाल्या, "जेव बाबू पोटभर. हे रडून राहिले, मंग बोलतीन."